विजया मेहता : रंगमंच, छोटा पडदा आणि बोलीचा प्रश्न

विजया मेहता यांच्या कर्तृत्वाचा विचार बहुधा ‘रंगायन’पासून आरंभ होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. त्यांच्या दूरदर्शनवरील कामाकडे नाट्यसमीक्षेने रंगभूमीची दुय्यम प्रत म्हणूनच पाहिले. ही दृष्टी अपुरी आहे. जळगाव-धुळ्याकडील प्रेक्षकाला तर ती विशेषच अपुरी वाटावी, कारण मुंबईचे मूळ प्रयोग ज्यांच्या वाट्याला आले नाहीत अशा घरांपर्यंत या दिग्दर्शिकेचे काम नेण्याची शक्ती छोट्या पडद्यातच होती.

१९३४ साली बडोद्यास जन्मलेल्या विजयाबाईंनी इब्राहिम अल्काझी व आदी मर्झबान यांच्याकडे नाट्यशिक्षण घेतले. १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींसह त्यांनी ‘रंगायन’ उभारले. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ (१९६६) हे त्या पर्वातील महत्त्वाचे साहस होय. पुढे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने ब्रेख्त मराठीत आला. दळवींच्या ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’ (१९७७), ‘पुरुष’ या नाटकांनी त्या व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावल्या, तरी नटाच्या सूक्ष्म व्यवहारावरील त्यांची श्रद्धा तेथेही ढळली नाही. हीच श्रद्धा कॅमेऱ्यास मानवणारी होती.

एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ त्यांनी १९८५ मध्ये रंगमंचावर आणले आणि १९८७ मध्ये ‘हवेली बुलंद थी’ या नावाने हिंदीतून दूरदर्शनसाठी केले. या दोहोंची तुलना येथे महत्त्वाची ठरते. (नाटकातील देशपांडे धरणगावचे, नाव खानदेशी कानास ओळखीचे, गाव मात्र वैदर्भीय.) अंगणात गंजणारा ट्रॅक्टर, वेळ विचारत राहणारी दादी, शिक्षणाची इच्छा मारली गेलेली प्रभा, रात्रीच्या एकांतात घराण्याचे दागिने अंगावर घालून पाहणारी वहिनी, हे सारे पडद्यावर नेता येते. वहिनीच्या प्रसंगास तर कॅमेऱ्याची जवळीक उपकारकच ठरावी. परंतु मूळ नाटकाचा एक आधार भाषेत आहे. वाड्यात राहिलेल्यांचे वऱ्हाडी वळण आणि मुंबईहून आलेल्या सुधीर-अंजलीची नागरी मराठी यांत भावाभावांतील अंतर ऐकू येते. कोणी कोणास सोडून गेले हे सांगण्याआधीच ते कळते. हिंदीत एका घराच्या आतील हा भेद उरणे कठीण. हवेली दिसते, पण वाडा बोलत नाही. ज्या प्रदेशात घरची अहिराणी शाळेच्या उंबरठ्यावर ठेवून यावी लागते, तेथील अभ्यासकाला ही उणीव तांत्रिक वाटणार नाही.

‘बॅरिस्टर’वरून केलेल्या ‘राव साहेब’ या हिंदी चित्रपटाबाबतही हा प्रश्न येतो, पण सौम्यपणे. तेथील कोंडी बोलीपेक्षा रूढीची आहे, आणि सोवळ्या विधवेचा अबोला भाषांतराची अपेक्षा करीत नाही. मावशीच्या भूमिकेसाठी विजयाबाईंना १९८५ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याउलट ‘स्मृतिचित्रे’ हा दूरदर्शनपट मराठीतच राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राला आधीचे नाट्यरूप बांधलेले नव्हते. सुहास जोशी यांच्या मुखाने ते घरगुती, खट्याळ, मध्येच स्वतःवरच हसणारे गद्य थेट ऐकू आले. हे पुस्तक खानदेशासही परके नाही. धरणगावात जन्मलेले आणि १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी लाभलेले ठोंबरे लक्ष्मीबाईंच्या घरी मुलासारखे वावरले व त्या आठवणींत आले. येथे दिग्दर्शिकेने प्रसंग फुगवले नाहीत; बोलण्याच्या लयीलाच प्रसंग मानले. त्यांच्या पडद्यावरील कामांत ‘स्मृतिचित्रे’ला अग्रस्थान द्यावे लागते, ते यासाठीच.

म्हणून ‘हवेली’ पाहून ‘वाडा’ पाहिल्याचे मानणाऱ्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. रंगप्रयोग विरून जातात, चित्रफीत उरते. उरलेल्यालाच मूळ समजण्याचा मोह अभ्यासात प्रबळ असतो. नाटकाची मराठी संहिता हाताशी घेऊन, मोठ्याने वाचत चित्रफीत पाहिली, तर दिग्दर्शिकेने काय राखले आणि राष्ट्रीय प्रक्षेपणासाठी काय सोडले याची नोंद संवादागणिक करता येते.