जुनी स्कूटर देखणी का दिसते?

आमच्या परड्यात पेरूच्या झाडाखाली १९८८ सालची बजाज चेतक उभी होती. आमच्या ह्यांनी ती घेतली, पंचवीस वर्षं चालवली. हे गेल्यावर ती तिथंच राहिली. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुढं दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. ती मुदत पुन्हा संपली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आता मोडीत देऊया. तुझा जीव गाडीत नाही, बाबांच्यात अडकलाय."

हे बोलणं मला लागलं, कारण तशी शंका माझी मलाच होती. परिग्रह कमी करा, हे आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. कपाटातल्या चार साड्या देऊन आपण मोकळ्याही होतो. पण मी ही गाडी सुंदर आहे म्हणते, तेव्हा ते सौंदर्य गाडीचं की माझ्या आठवणीचं? आठवण बाजूला काढून ठेवली तर काय उरतं? म्हणून एका दुपारी खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसले आणि परक्याची गाडी बघावी तशी तिला बघायला लागले.

चेतकचा तोंडवळा मुळात इटलीचा. दुसऱ्या महायुद्धात पियाज्जो कंपनीचा पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बनी उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर लोकांना विमानं नको होती, कामावर जायला स्वस्त गाडी हवी होती. एनरिको पियाज्जो यांनी हे काम कोर्रादिनो दास्कानियो या इंजिनिअरकडे दिलं. हा माणूस विमानं आणि हेलिकॉप्टरं यांतला. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीच्या तेलानं कपडे खराब होतात, पंक्चर झालं तर चाक काढता काढता जीव जातो आणि बसायचं तर टांग टाकावी लागते, या त्याच्या तक्रारी. त्या तक्रारींतून १९४६ मध्ये व्हेस्पा निघाली. त्यानं साखळीच ठेवली नाही. इंजिन मागच्या चाकालगत बसवून पत्र्याखाली झाकलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. मधे पाय ठेवायला मोकळी जागा सोडली, म्हणजे झगा घातलेल्या बाईलाही बसता यावं. आत वेगळा सांगाडा नाही, पत्र्याचं अंग हाच सांगाडा. बजाजनं १९६० पासून परवान्यावर ही व्हेस्पा आपल्याकडे बनवली. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन.

हे माहीत असलं की तिच्याकडे बघण्यात फरक पडतो. पुढची ती रुंद ढाल बघा. बेळगावात जून ते सप्टेंबर रस्त्यावर तांबडं पाणी असतं. ते पाणी ढालीवर उडतं, धोतरावर आणि साडीवर नाही. ढालीचा बाक नुसता नटवा नव्हे, त्याला काम आहे. उजवीकडचा फुगवटा इंजिनाचा. डावीकडे मात्र इंजिन नाही, तो फुगवटा डोळ्याला तोल वाटावा म्हणून आहे. कडक परीक्षा घ्यायची तर गाडीतली ही एकच लबाडी. पण तिथंही डिकी केलीय, आणि त्या डिकीत आमची भाजीची पिशवी, पावसाळ्यातलं प्लॅस्टिक, एकदा तर पोराची विसरलेली दप्तरं बसलीत. लबाडी कामाला लागली की तिला लबाडी म्हणवत नाही.

आता याच्या उलट बघा. मुलानं कॉलेजात असताना घेतलेली मोटारसायकल तेव्हा गल्लीत उठून दिसायची. टाकीवर विजेसारखे पट्टे, बाजूला हवा आत घ्यायला असावीत तशी भोकं, पण आतून बंद. सात-आठ वर्षांत ती गाडी अशी दिसायला लागली, की जुन्या लग्नाच्या अल्बममधले आपले केस बघून आपण हसतो ना, तशी. त्या पट्ट्यांना त्या सालाच्या फॅशनशिवाय दुसरा आधार नव्हता. फॅशन गेली आणि पट्टे उघडे पडले. चेतकच्या ढालीला आधार आहे तो पावसाचा, आणि पाऊस अजून पडतोच आहे.

पण आकार चांगला म्हणजे वाहन चांगलं म्हातारं होईलच असं नाही. जिन्नसही तसा लागतो. हे मला डेंटिंगवाल्यानं शिकवलं. शहापूरच्या बाजूला त्याचं छोटं दुकान. उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या आमच्या ह्यांचा तो दोस्त. एकदा गाडी भिंतीला घासून उजवा फुगवटा आत गेला, तेव्हा मी म्हटलं, नवीनच बसवा. तो हसला. "वैनी, हे पत्रा हाय की वो. आतनं ठोकलं की भाईर येतंय. प्लॅस्टिक आसतं तर फुटून मोकळं झालं आसतं." आतून लाकडी ठोकळा धरून, बाहेरून हातोडीनं हळूहळू टिचक्या मारत त्यानं तो फुगवटा परत आणला. मग पुट्टी, घासकाम, रंग. उन्हात तिरकं बघितलं तर अजून तिथं पाण्यावरच्या लहरीसारखं काहीतरी दिसतं. मला ते डाग वाटत नाहीत. गोधडीवरचा टाका कुणी लपवत नाही, तसं ते आहे. जे वाहन दुरुस्त करता येतं, त्याच्या अंगावर माणसांचे हात साठत जातात. जे नुसतं बदलता येतं, ते एक दिवस सगळंच टाकून द्यावं लागतं.

इथवर आले आणि माझं मलाच वाटलं, चला, जिंकलो. गाडी खरंच सुंदर आहे. पण मग एक प्रश्न आला आणि तो सोडता येईना. झगा घातलेल्या बाईला बसता यावं म्हणून जी जागा मोकळी सोडली, त्या जागेवर मी कधी पाय ठेवले?

१९५३ च्या 'रोमन हॉलिडे' सिनेमात ऑड्री हेपबर्न रोमच्या रस्त्यांवरून व्हेस्पा पळवते. आपल्याकडे त्याच जागेत धाकटं पोर उभं असायचं, नाहीतर गॅसचा सिलिंडर. बाई मागं, एका बाजूला पाय सोडून, एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं मांडीवरचं बाळ सावरत. पंचवीस वर्षं मी तशी बसले. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, गाडी तिरकी करून मग किक मारायची, हे सगळं पुरुषांचं शास्त्र. "तुला जमायचं नाही," असं हे कधी म्हणाले नाहीत. पण "शीक" असंही म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. ऐंशीच्या दशकात बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, पुढं तशा हलक्या गाड्या आल्या, तेव्हा कुठं आपल्यातल्या कितीजणी एकट्या बाजाराला जायला लागल्या. मीही चाळिशीनंतर अशीच एक छोटी गाडी शिकले. टिळकवाडीतून पहिल्यांदा एकटी कॅम्पात गेले, तो दिवस मला अजून आठवतो. ती गाडी देखणी नव्हती. तिच्या अंगाचं प्लॅस्टिक उन्हानं पांढुरकं पडून तडकलं, आणि ती भंगारात गेली तेव्हा मी वळूनही पाहिलं नाही. याची आज थोडी लाज वाटते.

म्हणजे सौंदर्याचा निकाल देताना नुसता पत्रा आणि बाक बघून चालत नाही. ते सौंदर्य कुणाच्या वाट्याला आलं, हेही बघावं लागतं. तेलमिश्रित पेट्रोलचा तो निळसर धूरही हिशेबात धरावा लागतो. गाडी देखणी आहे म्हणून धूर माफ होत नाही.

२०२० मध्ये चेतक पुन्हा आली, विजेवरची. शेजारणीच्या सुनेकडे आहे. पत्र्याचं अंग, तोच गोलवा, धूर नाही, गिअर नाही, आणि चालवते ती सूनच. ढाल आणि पाय ठेवायची जागा कारणासकट आलीत. मागचे फुगवटे मात्र बरेचसे आठवणीपुरते आहेत, कारण त्यांच्याखाली आता ते इंजिन नाही. माझं मत विचाराल तर अर्धी गाडी आकारानं खरी आणि अर्धी नक्कल. पण उपयोगात ती जुनीपेक्षा जास्त खरी आहे. तीस वर्षांनी ती कशी दिसेल, ते एवढ्यावर ठरेल, की पोचा आला तर कुणी ठोकून देणारा भेटतो का.

मुलाला मी सांगितलं, मोडीत द्यायची नाही, आणि ठेवायचीही नाही. डेंटिंगवाल्याच्या ओळखीचा खानापूरकडचा एक पोरगा अशा गाड्या नीट करून कागदपत्रांसकट वापरतो. त्याला दिली. एखादी वस्तू सुंदर आहे हे कळायला ती आपल्या परड्यात असायला पाहिजे असं नाही, एवढं मला त्या दुपारी कळलं होतं.

तो आला, गाडी डावीकडं कलती केली, तिसऱ्या किकला ती सुरू झाली. गल्लीच्या टोकापर्यंत मी बघत राहिले. पाठीमागनं ती अशी दिसते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. इतकी वर्षं तिथं मीच बसलेली असायची.