रिकाम्या गोदामाचा हिशोब

गेल्या वर्षी बाबांचं गोदाम रिकामं केलं. माल दोन दिवसांत गेला. पत्र्याच्या कपाटातल्या जुन्या वह्यांना मात्र आठवडा लागला. त्यानंतर क्लोई झाओचा ‘नोमॅडलँड’ (2020) पुन्हा पाहिला.

31 जानेवारी 2011 रोजी अमेरिकेतल्या नेवाडात, एम्पायरमधला जिप्सम बोर्डाचा कारखाना बंद पडला आणि कंपनीने वसवलेलं गावही उठलं. सिनेमाच्या सुरुवातीला फर्न भाड्याच्या गाळ्यातलं सामान चाळते, गेलेल्या नवऱ्याचं जाकीट छातीशी धरते. शेवटी त्याच गाळ्यातलं सगळं देऊन टाकते. झाओ या दोन्ही ठिकाणी रडारड टाळते, ते मला पटलं. आवराआवरीत रडायला वेळच नसतो.

खटकतं ते मधलं. फर्न ॲमेझॉनच्या गोदामात हंगामी काम करते, तो भाग फारच गुळगुळीत आहे. जेसिका ब्रूडरच्या मूळ पुस्तकात या कामाने थकलेल्या शरीरांचं काय होतं, ते सविस्तर येतं. सिनेमा बंद कारखान्यापाशी रेंगाळतो आणि चालू गोदामातून पटकन बाहेर पडतो.

मीही तेच केलं. त्या वह्यांत हमालांच्या मजुरीचा हिशोब होता. मी फक्त बाबांचं अक्षर बघत बसलो.