चौथं नाव फुकट : यूजीसीच्या ७०-३० नियमाचा हिशोब

पेपरवर कुणाकुणाची नावं घालायची, हा आपल्याकडे बहुतेकदा भिडेचा मामला असतो. गाईडचं नाव हवंच, विभागप्रमुखांचं घातलेलं बरं, मित्राचं घातलं तर उद्या तोही आपलं घालेल. पण दोष एकट्या भिडेचा नाही. नियमातलं गणितही त्याच बाजूचं आहे. पेटची तयारी करणाऱ्यांनी ते एकदा कागदावर मांडून बघावं.

प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी यूजीसीची २०१८ ची नियमावली विज्ञानातल्या एका शोधनिबंधाला ८ गुण देते, सामाजिक शास्त्रांत १०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या/मुख्य/करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के.

समजा, भोकर तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यावर एक पेपर आहे. इम्पॅक्ट फॅक्टरचे जादा गुण बाजूला ठेवू. एकट्याने लिहिला तर ८ गुण. दोघांनी लिहिला तर प्रत्येकी ५.६, बेरीज ११.२. तिसरा आला की दुसरा ५.६ वरून थेट २.४ वर येतो; पहिल्याचं काहीच जात नाही. आणि चौथा आला तर? कुणाचंच काही जात नाही. त्याला २.४ मिळतात, बेरीज १२.८ होते. दहा नावं घाला, बेरीज २७.२! पाणी तेच, विहिरी त्याच, पेपरही तोच.

२०१० च्या नियमात असं नव्हतं. पहिला लेखक आणि करस्पाँडिंग लेखक किंवा गाईड यांच्यात मिळून ६० टक्के, आणि बाकी सगळ्यांत मिळून ४० टक्के. बेरीज शंभराच्या वर जात नसे, त्यामुळे फुकटचं नाव कुणाच्या तरी वाट्यातून जायचं. मग तोच नियम परत आणावा का? माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही. भाकरी ठरलेली असली की जास्तीच्या नावाला अटकाव होतो, पण उन्हात फिरून नमुने गोळा करणाऱ्या पोराचं खरं नावही गळू शकतं. एक नियम नावं भरायला लावतो, दुसरा गाळायला. दोन्ही नियम डोकी मोजतात. काम कुणी काय केलं, हे कुणीच विचारत नाही.

क्रमाचंही तसंच. अर्थशास्त्रात आणि गणितात बऱ्याचदा नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने लावतात. १९७१ चा दांडेकर-रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास घ्या. दांडेकर आधी आहेत म्हणून त्यांचं काम जास्त, असं त्या क्रमावरून म्हणता येत नाही. तिथे दोनच लेखक होते. तिघांच्या पेपरात हीच पद्धत पाळली आणि कार्यालयाने ‘पहिला लेखक’ एवढंच पाहिलं, तर आडेंना ७० आणि वाघमारेंना कायम ३०. शिवाय ‘पहिल्या/मुख्य/करस्पाँडिंग’ या तिरक्या रेघांचा अर्थ काय? विद्यार्थी पहिला आणि गाईड करस्पाँडिंग असेल तर ७० कुणाचे? सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला संशोधनाचे ७५ गुण लागतात, तेव्हा ५.६ आणि २.४ मधला फरक छोटा नाही.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती वेगळ्या बाजूने सुरुवात करते. लेखक म्हणवून घ्यायला तिच्या चार अटी आहेत : कल्पना, माहिती किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखन किंवा गंभीर दुरुस्ती, अंतिम मसुद्याला संमती, आणि मजकुराची जबाबदारी. चारही पाळाव्या लागतात. ‘क्रेडिट’ नावाच्या पद्धतीत कामाच्या १४ भूमिका आहेत आणि प्रत्येक नावापुढे त्याची भूमिका लिहिली जाते. यातही खोटं लिहिता येतं, हे खरं. पण नुसतं नाव घालण्यापेक्षा ‘विश्लेषण यांनी केलं’ असं लिहून खाली सही करणं जड जातं.

यूजीसीने गुण देताना हे भूमिकांचं निवेदन मागावं. तोवर आपल्या हातात एवढं आहे : काम सुरू होतानाच गाईडसोबत बसून कोण काय करणार आणि नावांचा क्रम कसा लागणार, हे एका पानावर लिहून घ्या, आणि काम बदललं की ते पानही बदला. पेपर स्वीकारल्याची मेल आल्यावर हा विषय काढणं फार अवघड जातं.