शाळा व्यवस्थापन समिती आणि सदस्य-प्रशिक्षण : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. या अधिनियमाची चर्चा प्रामुख्याने प्रवेश, पटसंख्या, भौतिक सुविधा आणि खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा या मुद्द्यांभोवती झाली. शाळेचा कारभार कोणी पाहावा, या प्रश्नाला अधिनियमाने दिलेले उत्तर मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. कलम २१ अन्वये विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक आहे. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी ५० टक्के महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व देण्याचेही बंधन आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची मुख्य कार्ये होत.

ही कार्ये पार पाडण्यास सदस्य सक्षम व्हावेत म्हणून प्रशिक्षणाची योजना आली. समितीचे अपयश हे सदस्यांच्या अज्ञानाचे फलित आहे, असे या योजनेत गृहीत धरलेले दिसते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

शालेय कारभारात लोकप्रतिनिधींचा सहभाग ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९२३ ने प्राथमिक शिक्षणाचे नियंत्रण स्थानिक संस्थांकडे सोपविले आणि त्यासाठी शाळा मंडळे, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेली 'स्कूल बोर्डे', अस्तित्वात आली. १९४७ च्या अधिनियमाने मंडळे कायम ठेवली. तथापि प्रशासनाधिकाऱ्याची नेमणूक शासनाकडे गेली. पुढे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्या शिक्षण समितीकडे आले.

या सर्व रचनांत सदस्य हा मतदारांचा प्रतिनिधी होता. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम व २०००-०१ पासूनचे सर्व शिक्षा अभियान यांनी ग्रामशिक्षण समितीवर भर दिला. २००९ च्या अधिनियमाने त्यापुढे जाऊन पालकालाच कारभाराच्या केंद्रस्थानी आणले. हा बदल मूलगामी आहे. पूर्वीच्या मंडळाच्या सदस्यापाशी राजकीय बळ होते, पण त्याची मुले त्या शाळेत असतीलच असे नव्हते. आजच्या सदस्याचे मूल त्या शाळेत शिकते, पण त्याच्यापाशी बहुधा कोणतेही बळ नसते. प्रशिक्षणाचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू व्हायला हवा होता.

प्रशिक्षणाचे स्वरूप :

सर्व शिक्षा अभियानाच्या मूळ आर्थिक निकषांत लोकसमूहातील प्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी एका गावातील जास्तीत जास्त ८ व्यक्ती, वर्षातून २ दिवस आणि प्रत्येकी प्रतिदिन ३० रुपये असे प्रमाण होते. म्हणजे एका गावासाठी वर्षाला कमाल ४८० रुपये. नंतरच्या काळात निकष बदलले. परंतु वर्षातून दोन-तीन दिवस गोळा करावयाचे व माहिती द्यावयाची, हा साचा टिकून राहिला. राज्य, जिल्हा, गट आणि केंद्र अशा उतरत्या पायऱ्यांनी माहिती खाली येते. प्रत्येक पायरीवर ती आक्रसते आणि शेवटी पालकापर्यंत पोहोचते ती कलमांची व कर्तव्यांची यादी.

या पद्धतीवर तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप आशयासंबंधी आहे. समितीने अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवावे असे सांगणे आणि ते कसे ठेवावे हे शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोकडवही, पासबुक व खर्चाची पावती यांचा मेळ घालणे, पोषण आहाराच्या साठा नोंदवहीतील शिल्लक प्रत्यक्ष धान्याशी ताडून पाहणे, इतिवृत्त वाचून मगच सही करणे, ही कौशल्ये आहेत. ती व्याख्यानाने येत नाहीत; आपल्याच शाळेची कागदपत्रे हाताळून येतात. अक्षरओळख नसलेल्या सदस्यालाही पोती मोजता येतात, हे यादी देणाऱ्या प्रशिक्षणात लक्षात घेतले जात नाही.

दुसरा आक्षेप रचनेसंबंधी आहे. केंद्रीय नियम, २०१० नुसार अध्यक्ष हा पालक सदस्यांमधून निवडला जातो व मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य-निमंत्रक असतो. सभा बोलावणे, विषयपत्रिका काढणे व इतिवृत्त लिहिणे ही कामे साहजिकच त्याच्याकडे जातात. ज्याच्या कामावर देखरेख करावयाची, त्याच्याच हाती देखरेखीची साधने राहतात. यात मुख्याध्यापकाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अनेक ठिकाणी समिती जिवंत आहे ती त्याच्याच धडपडीमुळे. परंतु पालकांचे प्रशिक्षणही शिक्षण खात्याच्याच यंत्रणेतून झाले, तर प्रश्न विचारण्याची सवय लागणार कशी, हा मुद्दा उरतोच.

तिसरा आक्षेप काळासंबंधी आहे. याच नियमांनुसार समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होते आणि महिन्यातून किमान एक सभा अपेक्षित असते. विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी किमान तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार व्हावा लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची गावे या वेळापत्रकाशी ताडून पाहावीत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि त्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडतात. ज्या पालकांच्या मुलांचे शिक्षण सर्वाधिक संकटात आहे, नेमके तेच पालक आराखडा ठरताना गावात नसतात. प्रशिक्षण कितीही उत्तम असले, तरी ही गैरहजेरी भरून निघत नाही. रोजंदारीवरच्या महिलेला सभेचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी असते, हेही विसरता येत नाही.

संशोधनाचा दाखला :

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदींनी केलेला व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. ग्रामशिक्षण समिती अस्तित्वात आहे हेच अनेक पालकांना ठाऊक नव्हते. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. समितीविषयी माहिती देणे व सभा घेणे यांमुळे सरकारी शाळांतील लोकसहभागात वा मुलांच्या अध्ययनात फरक पडला नाही. मात्र गावातील स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याचे साधे तंत्र दिले, तेव्हा त्यांच्या वर्गांना आलेल्या मुलांचे वाचन सुधारले.

याउलट कर्नाटक, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश या राज्यांत प्रियांका पांडे, संगीता गोयल व वेंकटेश सुंदररामन यांनी केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माहिती-मोहिमेचे काही मर्यादित अनुकूल परिणाम दिसून आले. म्हणून माहिती निरुपयोगी आहे, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता इतके मात्र म्हणता येते की, केवळ माहितीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. लोकांना हाती घेण्याजोगे निश्चित काम मिळाले, तर ते पुढे येतात.

अधिकाराचा प्रश्न :

प्रशिक्षणाच्या चर्चेत अधिकाराचा प्रश्न झाकला जातो. कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये नमूद आहेत. परंतु कसूर झाल्यास होणारी कारवाई सेवानियमांनुसारच होते. नेमणूक व बदली यांत समितीला स्थान नाही. कलम २२ प्रमाणे समितीचा आराखडा हा शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार ठरावयाचा आहे. आराखड्यात मागितलेली खोली वा शिक्षक का मिळाला नाही, याचे लेखी उत्तर समितीला मिळत नसेल, तर पुढील वर्षी आराखडा करण्यात सदस्यांना रस कसा राहावा? पालक उदासीन आहेत, हे विधान वारंवार केले जाते. त्यांची उदासीनता पुष्कळदा अनुभवातून आलेली असते.

काही सूचना :

१) प्रशिक्षण शाळेतच, शाळेच्याच कागदपत्रांवर आणि वर्षभर थोडे थोडे व्हावे.
२) स्थलांतर करणाऱ्या गावांत आराखड्याची सभा हंगामापूर्वी घ्यावी.
३) सभेला येणाऱ्या रोजंदारीवरील सदस्यांना भरपाई मिळावी.
४) आराखड्यातील प्रत्येक मागणीवर गट पातळीवरून लेखी निर्णय कळवावा.
५) शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा पडू नये, यावर लक्ष ठेवणे हेही नियमांनुसार समितीचे काम आहे. या मुद्द्यावर पालक व शिक्षक यांचे हित एक आहे. प्रशिक्षणाचा आरंभ येथून केल्यास परस्परविश्वास वाढेल.
६) वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात दत्तक गावच्या समितीसोबत हिशेब-वाचनाचा उपक्रम घ्यावा. शिक्षण खात्याबाहेरील प्रशिक्षक त्यामुळे सहज उपलब्ध होईल.

समारोप :

शाळा व्यवस्थापन समितीची कल्पना मुळात सदोष नाही. ज्याचे मूल शाळेत शिकते त्याने शाळेला जाब विचारावा, हे तत्त्व लोकशाहीला धरून आहे. मात्र वेळ, मजुरी, कागदपत्रे आणि उत्तर मिळण्याची हमी यांवाचून दिलेले प्रशिक्षण हे जबाबदारी पालकांवर ढकलण्याचे साधन बनते. सदस्यांना कर्तव्यांची जाणीव करून देणारी व्यवस्था त्यांच्या ठरावांना उत्तर देण्यास बांधील असली पाहिजे. ही दुसरी बाजू पूर्ण झाल्याशिवाय पालकांच्या हाती आलेला कारभार सहीपुरताच राहील.