टाळ्या कुणाला?

२००८ सालातला आवडता चित्रपट विचारला की आमची बहुतेक मित्रमंडळी 'अ वेन्सडे'चे नाव घेतात. नसीरुद्दीन शाहांचा अभिनय बिनतोड, हे कबूल. आम्ही मात्र निशिकांत कामतांच्या 'मुंबई मेरी जान'ला वर ठेवतो. ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांचा संदर्भ दोन्हींत आहे. पहिल्यात सामान्य माणूस चार अतिरेक्यांचा परस्पर निकाल लावतो आणि टाळ्या घेतो. खटला, पुरावा ही कटकटच नको! प्रत्यक्ष खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली सर्व १२ जणांची शिक्षा रद्द केली. (सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.) दुसऱ्यात के. के. मेननचा सुरेश एका मुस्लिम तरुणावर संशय धरून त्याच्या मागावर हिंडतो. ती नजर आपल्यापैकी पुष्कळांनी लोकलच्या डब्यात झेलली आहे. पडद्यावर ती इतकी सरळ मांडलेली आम्ही क्वचितच पाहिली.