नावेतील काळकण्णी

सागरावरील साहसकथा हा आपल्या वाचकांच्या बालपणीचा परिचित प्रांत आहे. डॅनियल डीफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ (1719) आणि स्टीव्हन्सनचे ‘ट्रेझर आयलंड’ (1883) ही पुस्तके मराठी रूपांतरांतून शाळकरी मुलांच्या हाती पडत आली. चाचे, पुरलेले धन, फुटलेली गलबते आणि निर्जन बेटे यांची गोडी आम्ही नाकारीत नाही. परंतु क्रूसो ज्या सफरीत बेटावर फेकला जातो, ती सफर गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्यासाठी निघालेली होती, हे बालवाचकाच्या ध्यानी क्वचितच येते. म्हणून समुद्रकथा वाचताना वादळ किती भीषण होते यापेक्षा नावेत कोणाला जागा होती आणि संकट येताच कोणाला नावेबाहेर काढण्यात आले, हे पाहणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. हाच प्रश्न परक्यांच्या ग्रंथांना विचारावा आणि आपल्या ग्रंथांना मात्र विचारू नये, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. प्रस्तुत लेखात तो आम्ही जातककथांना विचारीत आहोत.

पालि जातकसंग्रहातील 547 कथांमध्ये समुद्रप्रवासाच्या कथा विपुल आहेत. त्यांपैकी 41 क्रमांकाचे लोसक जातक आणि 439 क्रमांकाचे चतुद्वार जातक यांत एकच प्रसंग येतो. मित्तविंदक नावाचा मनुष्य नावेत असतो. भर समुद्रात नाव खिळल्यासारखी उभी राहते. नावेत कोणीतरी ‘काळकण्णी’, म्हणजे अपशकुनी, असला पाहिजे असे ठरते. शलाका टाकल्या जातात. चतुद्वार जातकात तीनदा आणि लोसक जातकात सातदा त्या मित्तविंदकाच्याच वाट्याला येतात. मग त्याला तराफ्यावर बसवून सोडून दिले जाते आणि नाव पुढे चालू लागते. यहुदी परंपरेतील योना प्रवक्त्याच्या कथेतही खलाशी अशाच चिठ्ठ्या टाकतात. यावरून ही समजूत एका देशाची वा एका धर्माची नव्हती, हे स्पष्ट होते.

लोसक जातकाच्या वर्तमानकथेत हीच कल्पना समुद्रावरून जमिनीवर येते. कोसल देशात हजार कुटुंबांचे एक कोळ्यांचे गाव होते. एका स्त्रीच्या पोटी गर्भ राहिला त्या दिवसापासून गावाच्या जाळ्यात मासळी येईना. गाव सात वेळा जळाले, सात वेळा राजदंड झाला. तेव्हा गावकऱ्यांनी आपले दोन भाग केले. ज्या भागावर आपत्ती येई त्याचे पुन्हा दोन भाग केले. आणि असे करीत अखेर ते एक कुटुंब निवडून काढून त्याला हाकलून दिले. ही पद्धत वाचताना आमच्या वाचकांच्या मनात काय उभे राहील, हे सांगण्याची आवश्यकता नाही. बहिष्काराची अशी शिस्तबद्ध रीत प्राचीन वाङ्मयात इतक्या तपशीलाने क्वचितच नोंदलेली आढळते.

आणि ही केवळ कथेतील गोष्ट नव्हती. इ. स. 399 मध्ये चांगआनहून निघालेला चिनी भिक्षू फाहियान सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे परतला. त्याचा वृत्तांत हे समुद्रजीवनाचे अस्सल दस्तऐवजी लेखन होय. या समुद्रात चाचे फार असून त्यांची गाठ पडणे म्हणजे मरणच, असे तो नोंदवितो. पहिल्या नावेला भोक पडले, तेव्हा व्यापाऱ्यांनी माल समुद्रात टाकला. फाहियाननेही आपला पाण्याचा घडा टाकला. आपण जमविलेले ग्रंथ आणि मूर्ती हे लोक फेकून तर देणार नाहीत ना, एवढीच त्याची भीती होती. पुढे यवद्वीपाहून निघालेल्या दुसऱ्या नावेवर वादळ आले. तेव्हा नावेतील ब्राह्मणांनी विचार केला की, या श्रमणाला बरोबर घेतल्यामुळेच हे संकट ओढवले आहे. एकापायी सर्वांचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा त्याला एखाद्या बेटावर उतरवावे. फाहियानचा आश्रयदाता आडवा आला. भिक्षूला उतरवायचे तर मलाही उतरवा, नाही तर मला ठार करा, असे त्याने बजावले. चीनच्या राजाकडे तक्रार नेण्याची धमकीही दिली. म्हणून फाहियान वाचला. येथे शलाका नव्हत्या, पण तर्क तोच होता. फरक इतकाच की, ज्याला काळकण्णी ठरविले गेले त्याने स्वतः हा वृत्तांत लिहिला.

पालीच्या अभ्यासकाजवळ या ठिकाणी एक सोयीचे उत्तर असते. जातकसंग्रहात गाथा तेवढ्या तिपिटकात मोडतात. गद्य हे अट्ठकथेचे आहे. लोसक जातकाच्या गाथेत शलाका नाहीत. हितचिंतकाचे न ऐकणाऱ्याला पश्चात्ताप होतो, इतकेच तेथे सांगितले आहे. चतुद्वार जातकाच्या गाथांत मित्तविंदकाच्या दुःखाचे कारण त्याची न आवरणारी तृष्णा हे आहे. काळकण्णीची निवड दोन्हीकडे गद्यात येते. हे खरे असले तरी एवढ्यावर थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. गाथा अनेकदा गोष्टीवाचून उलगडत नाहीत आणि भारहुतच्या शिल्पांवरून जातकांच्या गोष्टी किती जुन्या आहेत हे दिसते. शिवाय श्रोत्यांपर्यंत पोचते ती गोष्टच. तेव्हा निकष काळाचा न घेता आशयाचा घेतला पाहिजे.

त्यासाठी 463 क्रमांकाचे सुप्पारक जातक पाहावे. भरुकच्छ बंदरातील हा निर्यामक, कोकणच्या भाषेत तांडेल, खाऱ्या पाण्याने दोन्ही डोळे गमावून बसलेला आहे. त्याचे नाव मात्र आपल्या सोपाऱ्याचे आहे. याच सोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. आंधळा मनुष्य नावेवर घेणे हा रूढ समजुतीने अपशकुनच. परंतु व्यापारी त्याच्या ज्ञानासाठी त्यालाच नेतात. नाव भरकटून चार महिने अज्ञात समुद्रांतून जाते. व्यापारी दिसते ते सांगतात आणि तो ऐकून त्या समुद्राचे नाव सांगतो. समुद्रात हिरे आहेत हे तो ओळखतो. पण ते कळले तर लोभाने नाव बुडेपर्यंत भरतील, म्हणून तो न सांगता युक्तीने थोडे काढून घेतो. ‘ट्रेझर आयलंड’मध्ये धनाचा नकाशा माणसांना एकमेकांच्या जिवावर उठवितो; येथे ज्याला धन कळते तो ते लपवितो आणि परतल्यावर सर्वांत वाटून टाकतो. अखेर वडवामुखाच्या भोवऱ्यापाशी सारे आक्रोश करू लागतात. तेव्हा शलाका टाकल्या जात नाहीत. कोणामुळे हे घडले, असे कोणी विचारीत नाही. कळू लागल्यापासून आपण जाणून एकाही जीवाची हिंसा केली नाही, या सत्याच्या बळावर सुप्पारक नाव परत फिरवितो. सातशेच्या सातशे माणसे घरी पोचतात.

सत्यक्रियेने नाव फिरते, हे आम्ही इतिहास म्हणून मानीत नाही आणि वाचकांनीही मानू नये. पण दोन कथांतील नीतीचा फरक चमत्काराच्या पलीकडचा आहे. एकीकडे एकाला टाकून बाकीचे तरतात. दुसरीकडे एकाच्या शीलाने सर्व तरतात.

या कथेचा दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. राजाच्या पदरी असता सुप्पारकाला अपुरे पारितोषिक मिळते, तेव्हा हे तर न्हाव्याचे दान, हा राजा न्हाव्याच्या जातीचा असावा, असे तो मनात म्हणतो. अट्ठकथाकाराने बोधिसत्त्वाच्या तोंडी जातीचा तुच्छभाव घातला आहे. आर्यशूराच्या संस्कृत ‘जातकमाले’तील सुपारग जातकात हा दरबाराचा प्रसंगच नाही. तेथे सुपारग वृद्ध आहे. नाव स्थिर राहावी म्हणून तो वाळू-दगड भरायला लावतो आणि पहाटे तीच रत्ने ठरतात. कथा पुन्हा सांगताना गाळण्याचा अधिकार प्राचीन बौद्ध कवींनी असा वापरला आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (1957) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न मुद्दाम उभा केला आणि बुद्धवचन ओळखण्यासाठी तर्कसंगती व लोककल्याण ही कसोटी दिली. काळकण्णीची कथा त्या कसोटीला उतरत नाही. पूर्वजन्मीच्या पापाने एक मूल आईच्या पोटातच अपशकुनी ठरते, असे मानले तर त्या गावकऱ्यांचा बहिष्कार न्याय्य ठरतो. वर्षावासात जातके वाचून दाखविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

तरीही लोसक जातक वगळावे असे आम्ही म्हणणार नाही. कारण त्या कथेतच तिचे उत्तर आहे. हाकललेल्या कुटुंबातील ते मूल श्रावस्तीत भांडी धुतलेल्या जागी पडलेली शिते कावळ्यासारखी वेचून खात असता सारिपुत्त त्याला पाहतात, जवळ बोलावतात आणि प्रव्रज्या देतात. पुढे त्या भिक्षूच्या अखेरच्या दिवशी, त्याच्या पात्रातील अन्न नाहीसे होऊ नये म्हणून, ते पात्र स्वतःच्या हातात धरून उभे राहतात आणि तो जन्मात प्रथमच पोटभर जेवतो. गावाने ज्याला निवडून बाहेर काढले, त्याला संघाने आत घेतले. कथा वाचायची तर तेथपर्यंत वाचावी.