तोटी, झाकण आणि मूठ : यीशिंगच्या चहादाण्या व अपारंपरिक आकाराचा प्रश्न

प्रस्तावना

भांडे ही वस्तू समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते. साहित्यकृती, चित्र, शिल्प व वास्तू यांच्या सौंदर्याची चर्चा मराठीत विपुल झाली. नित्य वापरातील भांड्याकडे मात्र लोकजीवनाचा अथवा पुरातत्त्वाचा पुरावा म्हणूनच पाहण्याची प्रथा पडली. चीनच्या जिआंग्सू प्रांतातील यीशिंग येथील मातीच्या चहादाण्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. तेथे चहादाणी तिच्या कारागिराच्या नावाने ओळखली जाते, तिच्यावर ग्रंथ लिहिले जातात, तिचे संग्रह होतात आणि अमुक आकाराला चहादाणी म्हणावे किंवा नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतो. प्रस्तुत लेखात या वादाची चिकित्सा केली असून खानदेशातील मृद्भांड्यांच्या अभ्यासाला त्यातून कोणता निकष लाभू शकतो, याचा विचार केला आहे.

माती, तंत्र आणि संग्राहक

मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू याने १३९१ मध्ये दाबून वड्या केलेल्या चहाची खंडणी बंद केली. त्यानंतर सुटी चहापत्ती गरम पाण्यात भिजवून तिचा अर्क घेण्याची पद्धत रूढ होत गेली आणि त्यासाठी झाकण व तोटी असलेल्या लहान भांड्याची गरज निर्माण झाली. यीशिंग परिसरातील 'झिशा' म्हणजे 'जांभळी वाळू' या नावाने ओळखली जाणारी माती या कामी उपयुक्त ठरली. या मातीच्या चहादाण्या सामान्यतः चाकावर घडविल्या जात नाहीत. मातीचे सपाट पत्रे ठोकून, ते वळवून व जोडून त्यांची घडण होते. त्यांवर झिलई नसते. सूक्ष्म सच्छिद्रतेमुळे भांड्यात चहाचा गंध मुरतो, अशी रसिकांची धारणा आहे. म्हणूनच एका चहादाणीत एकाच प्रकारचा चहा करण्याचा दंडक ते पाळतात.

येथे संग्राहकाची भूमिका लक्षणीय आहे. नाणी अथवा चित्रे जमविणारा वस्तूला हात लागू नये म्हणून जपतो. यीशिंगचा संग्राहक वस्तू वापरून जपतो. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने पृष्ठभागावर येणारी मंद चकाकी हा त्याच्या लेखी दोष नसून गुण आहे. सुमारे १६४० मध्ये झोउ गाओची याने या चहादाण्यांवर लिहिलेल्या ग्रंथात कारागिरांची प्रतवारी केली आहे, म्हणजे समीक्षाही संग्रहाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चेन मानशंग (१७६८-१८२२) या विद्वान अधिकाऱ्याने आकार कल्पावेत, यांग फंगन्येन याने ते घडवावेत आणि अंगावर काव्य-लेख कोरले जावेत, अशी सहनिर्मितीची परंपरा दृढ झाली.

या आस्थेची दुसरी बाजूही आहे. १९३० च्या दशकात शांघायमधील जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी यीशिंगच्या कुशल कारागिरांकडून प्राचीन आचार्यांच्या चहादाण्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पुढे विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ मानला गेलेला गू जिंगझोउ (१९१५-१९९६) त्यांपैकीच एक होता. नावाला मोल आले की नावाची नक्कल होते. संग्राहकाची दृष्टी आकारावरून मुद्रेकडे वळली की समीक्षेची जागा बाजारभाव घेतो, असा याचा अर्थ होतो.

गाठीचे भांडे व झाकणाचा वाद

यीशिंगच्या परंपरेचा आरंभ गोंग चुन या सोळाव्या शतकातील सेवकापासून सांगितला जातो. मंदिरातील एका भिक्षूची कला पाहून तो हे काम शिकला, अशी आख्यायिका आहे. त्याच्या नावावर असलेली आणि बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली चहादाणी झाडाच्या खोडावरील ओबडधोबड गाठीच्या आकाराची आहे. ती खरोखर त्याचीच आहे काय, याविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. तथापि आकारचर्चेच्या दृष्टीने तिच्या झाकणाची कथा अधिक महत्त्वाची आहे. मूळ झाकण नसल्याने हुआंग युलिन या कारागिराने भोपळ्याच्या देठासारखे झाकण घडविले. १९२८ मध्ये ही चहादाणी सुचौ येथे चू नानच्यांग या संग्राहकाच्या हाती आली. पुढे चित्रकार हुआंग बिन्होंग याने आक्षेप घेतला की, अंग झाडाच्या गाठीचे असताना झाकण भोपळ्याचे कसे? त्यावर पेइ शिमिन याने गाठीशी सुसंगत असे नवे झाकण केले.

हा आक्षेप वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यात एक पूर्ण सौंदर्यविचार सामावलेला आहे. आकार विचित्र आहे, ही तक्रार हुआंग बिन्होंग करीत नाही. विचित्र आकाराने स्वतःशी एकनिष्ठ राहावे, एवढीच त्याची मागणी आहे. शिवाय परंपरेच्या आरंभी जिची स्थापना केली जाते ती चहादाणीच सर्वांत अपारंपरिक आकाराची असेल, तर 'परंपरा विरुद्ध नवता' ही वादाची नेहमीची मांडणीच सदोष ठरते.

यीशिंगमध्ये भौमितिक, निसर्गानुकारी आणि पाकळ्यांसारख्या उभ्या विभागांचे असे तीन आकारवर्ग मानले जातात. साधेपणाचा पुरस्कार करणारे रसिक भौमितिक वर्गाला श्रेष्ठ मानतात व फळे, बांबू, कमळे यांच्या आकारांना बालिश ठरवितात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रसिद्धीस आलेला चेन मिंगयुआन आणि विसाव्या शतकातील च्यांग रोंग (१९१९-२००८) यांच्या कृती पाहता हा निवाडा टिकत नाही. च्यांग रोंगच्या कमळाच्या चहादाणीत झाकणावर बसलेला बेडूक हीच झाकण उचलण्याची मूठ आहे. सजावट आणि उपयोग येथे वेगळे करता येत नाहीत.

निकषाचा शोध

तोटीचे टोक, भांड्याचे तोंड आणि मुठीचा माथा एका पातळीत असावेत, असा यीशिंगमधील एक जुना दंडक आहे. यामागे केवळ रुची नाही. जोडलेल्या पात्रांत द्रव समान पातळी गाठतो. तोटी तोंडापेक्षा खाली राहिली, तर भांडे भरण्यापूर्वीच चहा सांडू लागेल. झाकणाच्या बोंडातील बारीक छिद्रही असेच सकारण आहे. त्यातून हवा आत शिरली नाही, तर घट्ट झाकणाच्या भांड्यातील धार अडखळते. म्हणजे दंडकाचा काही भाग निसर्गनियम आहे आणि काही भाग सवय. मुठीची उंची ही सवय. तोटीची उंची हा नियम. समीक्षकाने या दोहोंत भेद केला पाहिजे. सवय मोडणारा आकार धाडसी ठरू शकतो. नियम मोडणाऱ्या आकाराने मात्र त्याची किंमत कोणत्या अर्थासाठी मोजली, हे दाखविले पाहिजे.

काझिमीर मालेविच याने १९२३ मध्ये रशियात कल्पिलेली शुभ्र भौमितिक चहादाणी आणि अमेरिकन कलावंत रिचर्ड नॉटकिन याच्या यीशिंग-प्रेरित कृती ही या संदर्भात बोलकी उदाहरणे आहेत. नॉटकिनने अणुवीजकेंद्राच्या शीतक मनोऱ्यांना चहादाणीचे रूप दिले. घरगुती विश्वासाचे प्रतीक असलेल्या भांड्यातूनच विनाशाची शक्यता सूचित होते, हे त्यातील मर्म होय. तोटी, झाकण व मूठ ओळखता आली नसती, तर हा अर्थच उद्भवला नसता. अपारंपरिक आकार परंपरेवर अवलंबून असतो, तो असा.

खानदेशाचा संदर्भ

नंदुरबार जिल्ह्यात या चर्चेला दूरची मानण्याचे कारण नाही. शहादा तालुक्यातील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन थर व जोर्वे परंपरेची मृद्भांडी मिळाली. त्याच तालुक्यातील सावळदा हे गाव एका स्वतंत्र मृद्भांड-परंपरेला नाव देऊन गेले आहे. तांबूस अंगावर काळी भौमितिक नक्षी आणि खांद्यावर बसविलेली नळीसारखी तोटी असलेले भांडे हे जोर्वे परंपरेचे वैशिष्ट्य होय. चहाचा मागमूसही नसलेल्या काळात तापी-गोदावरीच्या खोऱ्यांतील कुंभार तोटीचा प्रश्न सोडवीत होता.

नर्मदाकाठच्या नावडाटोलीतील तोटीच्या भांड्यांची तुलना ह. धी. सांकळिया यांनी १९५५ मध्ये इराणी भांड्यांशी केली आणि पश्चिमेकडील संपर्काची शक्यता मांडली. ती तुलना मौलिक असली, तरी आकारसाम्यावरून उगम ठरविण्यात एक धोका आहे. ओतण्याची गरज सर्वत्र एकच असते आणि समान गरजेतून समान आकार स्वतंत्रपणेही उद्भवू शकतो. तोटीचा जोड, तिचा कोन व तोंडाशी तिचे नाते यांचे वर्णन झाल्याखेरीज केवळ छायारेषेवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

संग्रहाच्या बाबतीत पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण जवळचे आहे. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) दिवे, अडकित्ते, भांडी अशा गृहोपयोगी वस्तू आयुष्यभर जमविल्या. पशुपक्ष्यांच्या वा युगुलाच्या आकाराचा अडकित्ता कितीही अलंकृत असला, तरी त्याने सुपारी कातरलीच पाहिजे. ही अट कारागीर विसरलेला नाही. परंतु काचेमागे गेलेल्या वस्तूची ही परीक्षा प्रेक्षकाला घेता येत नाही. यीशिंगचा संग्राहक ती रोज घेतो, हा दोन संग्रहपद्धतींतील मूलभूत फरक आहे.

महाराष्ट्रात चहा पातेल्यात दूध-साखरेसह उकळला जातो आणि किटली केवळ वाहतुकीचे काम करते. त्यामुळे चहाने मुरलेल्या मातीच्या चहादाणीची परंपरा येथे निर्माण झाली नाही, हे स्वाभाविक आहे. उणीव आहे ती भांड्याच्या समीक्षेची. माठ, रांजण, परळ, बोळके यांची नावे शब्दकोशात सुरक्षित आहेत. त्यांच्या तोंडाचा काठ असाच का, याचे विवेचन मात्र दुर्मिळ आहे.

समारोप

अपारंपरिक आकाराला तीन प्रश्न विचारता येतील. तो आपले काम करतो काय? त्याचे सर्व अवयव एकाच कल्पनेला बांधील आहेत काय? आणि तो मोडतो ती सवय आहे की नियम? या प्रश्नांची उत्तरे मुद्रा, वय किंवा किंमत यांतून मिळत नाहीत. ती भांडे हाती घेतल्यावरच मिळतात. खानदेशातील महाविद्यालयांत इतिहास, मराठी व विज्ञान हे विभाग एकाच इमारतीत नांदतात. प्रकाशे-सावळद्याच्या खापरांपासून आठवडे बाजारातील माठापर्यंतच्या आकारांचे वर्णन त्यांनी एकत्रितपणे करणे शक्य आहे. कुंभाराच्या चाकाशेजारी बसून त्याच्या शब्दांत त्याची आकारमीमांसा नोंदविण्याचे काम तो चाक फिरत आहे तोवरच होऊ शकते. अन्यथा उद्याच्या अभ्यासकाला संग्रहालयात आकार मिळेल, पण त्या आकाराचे कारण मिळणार नाही.